लॉपसाइडेड म्हणजे नक्की काय? पक्षपाती, एकतर्फी की नुसतं वाकडं?

अर्धविराम:
सध्या सबटायटल्सचं काम करतोय, इंग्रजीतून मराठी. एका सीनमध्ये वकीलबाई म्हणतात की हे ॲग्रीमेंट लॉपसाइडेड आहे, तर मी सरळ "हा करार पक्षपाती आहे" लिहून टाकलं. तपासणाऱ्या ताईंनी परत पाठवलं, शेरा काय तर "करार कसला पक्षपात करतोय, पक्षपात माणसं करतात". बरं, पटलं. पण पुढे त्याच फाइलमध्ये नायिका नायकाला म्हणते की तुझं ते लॉपसाइडेड स्माइल मला आवडतं, आणि तिथे गाडी अडकली ती अडकलीच. डिक्शनरीत "असमतोल" दिलंय. "तुझं असमतोल हसू" वाचून लोक पळून जातील राव. बायस्ड, स्क्यूड, वन-साइडेड आणि हा, चारही एकच का?

बोरूबहाद्दर:
ताई बरोबर आहेत. लॉपसाइडेड हा मुळात डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीचा शब्द. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तो जहाजांसाठी वापरायचे, एका अंगाला भार जास्त होऊन कललेलं जहाज. लॉप म्हणजे सैल लोंबणं, ते कान खाली पडलेले ससे असतात ना, त्यांना लॉप-इअर्ड म्हणतात, तोच हा लॉप. म्हणजे एक बाजू खाली गेलीये एवढंच तो सांगतो, कोणी मुद्दाम केलं की आपोआप झालं याच्याशी त्याला घेणं नाही. बायस्ड म्हटलं की आरोप आला, कोणाच्या तरी मनात आधीपासून कल आहे असा. म्हणून रेफरी बायस्ड असू शकतो, स्कोअर असतो लॉपसाइडेड. २०१४ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला जर्मनीने ब्राझीलला ७-१ ने धुतलं, तो लॉपसाइडेड स्कोअर. रेफरीने काही केलं नव्हतं, बिचारा शिट्टी वाजवत होता. १९८४ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले, तो निकालही लॉपसाइडेडच.

करारासाठी "एकतर्फी" टाका आणि मोकळे व्हा.

पाटीपेन्सिल:
@बोरूबहाद्दर बाकी सगळं मान्य, पण एकतर्फीला माझा विरोध. मॅच एकतर्फी झाली म्हणतो तिथे ठीक, पण एकतर्फी युद्धबंदी, एकतर्फी प्रेम, यात दुसरी बाजू सामीलच नसते. करारावर तर दोघांच्या सह्या आहेत! फक्त एकाला मलई आणि दुसऱ्याला ताक. शब्दाला शब्द शोधत बसण्यापेक्षा वाक्यच फिरवा, "यात सगळा फायदा त्यांचाच आहे". आणि विचार, विकास, लेख असलं काही असेल तर "एकांगी" बसतं. त्या हसण्याला मात्र एकांगी नका म्हणू प्लीज 😄

सरासरीवाला:
स्क्यूडचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, रोजचं काम आहे माझं. दहा जणांची परीक्षा झाली, नऊ जणांना ४० आणि एकाला १००. सरासरी येते ४६, पण ४६ च्या आसपास कोणीच नाही, मधला आकडा काढला तर ४० च. एका हुशार पोराने सरासरी आपल्याकडे ओढली, याला म्हणायचं डेटा स्क्यूड आहे. आणि गंमत म्हणजे हा राइट-स्क्यूड, कारण आलेख काढला तर त्याचं शेपूट उजवीकडे जातं, गर्दी डावीकडे असली तरी. नवीन लोक इथे हमखास उलटं सांगतात, मीपण सांगायचो. अजून एक, स्क्यू हे क्रियापद आहे, त्या पोराने सरासरी स्क्यू केली असं म्हणता येतं. लॉपसाइडेड दिसायला तसंच पण "लॉपसाइड करणे" असं काही नसतं, ते नुसतं विशेषणच. बातम्यांत स्त्री-पुरुष प्रमाण "व्यस्त" आहे म्हणतात तिथे इंग्रजीत स्क्यूड असतं.

अर्धविराम:
व्यस्त! हे डोक्यातच नव्हतं आलं. करारासाठी पाटीपेन्सिल यांचं वाक्य उचललंय. आता फक्त हसू राहिलं. "तिरकं हसू" लिहू का?

पाटीपेन्सिल:
नको नको, तिरकं म्हटलं की कुत्सित वाटतं, आणि वाकडं म्हटलं तर तोंड वाकडं केल्यासारखं. लॉपसाइडेड स्माइलमध्ये कुजकेपणा नसतो, ओठाचा एक कोपरा वर जातो आणि दुसरा जागेवर राहतो, झालं. लोकांना पडद्यावर चेहरा दिसतोच आहे ना, मग बोलल्यासारखं लिहा, "तू एका बाजूने हसतोस ना, ते आवडतं मला".

अर्धविराम:
हेच पाठवलं. ताईंचा शेरा आला, "ठीक. पण 'ना' काढा, ओळ लांब होतेय".