जिताडा माशाची पिल्ले एकमेकांना खातात, दिवे बंद ठेवावेत का?

प्रश्न: सिमेंटच्या टाकीत 22 दिवसांचे जिताड्याचे बीज आहे, लांबी 10 ते 18 मिमी. वर एकच एलईडी, रात्रंदिवस चालू. सकाळी काही पिल्लांच्या तोंडातून दुसऱ्याची शेपटी बाहेर लोंबताना दिसते. अंधार केला तर थांबेल का?

उत्तर 1: नुसत्या अंधाराने नाही. जिताडा बघून खातो. सतत अंधार ठेवलात तर खाणे घटेल आणि बारकी आणखी मागे पडतील. मूळ दुखणे आकारातल्या फरकाचे. स्वतःच्या निम्म्याहून जास्त लांबीचे भावंड तो सहज गिळतो, आणि तुमच्याकडे 18 शेजारी 10 आहे! आजच आकारानुसार प्रतवारी करा: भोकांची टोपली पाण्यात तरंगत ठेवून पिल्ले आत सोडायची, बारकी आपोआप बाहेर पडतात. मग दर 3-4 दिवसांनी पुन्हा.

उत्तर 2: प्रतवारी हवीच, पण तो एकटा दिवाही बदला. आर्टेमिया (पिल्लांना खाद्य म्हणून देतात तो बारीक जिवंत जीव) उजेडाकडे ओढला जातो, त्यामागे पिल्लेही एकाच कोपऱ्यात दाटतात. दांडगी खातात, बाकीची उपाशी. दोन-तीन मंद दिवे पसरून लावा, दिव्यांखाली पांढरे कापड ताणा. 12-14 तास उजेड पुरे. डिमरने 20-30 मिनिटांत हळूहळू वाढवा-उतरवा. खटकन लावलात तर दचकून भिंतीवर आपटतात.

प्रश्नकर्ता: उजेड झाल्यावर खाद्य किती वेळाने?

उत्तर 1: लगेच, टाकीभर पसरून. रात्रभराची भूक असते. उशीर केलात तर पहिला घास शेजाऱ्याचाच.