शब्दचर्चा : ‘पेपर सन’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधली एक रहस्यकथा लिहिते आहे. वडिलांच्या थडग्यावर इंग्रजीत एक आडनाव आणि चिनी लिपीत दुसरेच, म्हणून मुलगी खासगी गुप्तहेराकडे जाते. उलगडा असा, की आजोबा ‘पेपर सन’ होते. १८८२ च्या कायद्याने अमेरिकेने चिनी मजुरांना दार बंद केले. नागरिकाच्या मुलाला मात्र येता येई. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत शहराचे जन्मदाखले जळाले आणि अनेकांनी ‘माझा जन्म इथलाच’ म्हणून नागरिकत्व मिळवले. चीनला जाऊन आले की ते मुलगा झाल्याची नोंद करत आणि पुढे ती जागा पैसे घेऊन परक्या मुलाला देत. अशा मुलाला ‘तोतया’ म्हटले तर?

प्रतिसाद
नको. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, पण खरे सदाशिवरावभाऊ होऊन गेले होते. इथे ज्याच्या नावावर पोर आले, तो बहुतेक वेळा जन्मलेलाच नसे. ‘दत्तक’ही बसत नाही, दत्तकविधान चारचौघांत होते.

प्रतिसाद
सरळ ‘कागदी मुलगा’ म्हणा की. सुटसुटीत आहे.

प्रतिसाद
कागदी घोडे, कागदी वाघ... मराठीत ‘कागदी’ म्हटले की पोकळपणा येतो. १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड बेटावरच्या तपासणी केंद्रात अधिकारी या मुलांना विचारत: घराला पायऱ्या किती, तांदळाचे पिंप कुठे ठेवता, तिसऱ्या घरात कोण राहते? ‘बापा’ला वेगळे बसवून तेच प्रश्न. उत्तरे जुळली नाहीत तर परत पाठवणी. त्यासाठी मुले बोटीवर वह्या घोकत आणि किनारा येण्याआधी समुद्रात टाकत. इतके सोसलेल्या माणसाला ‘कागदी’ म्हणवत नाही. नाते खोटे होते, माणूस खरा होता. म्हणून ‘कागदोपत्री मुलगा’ हेच मला योग्य वाटते. त्या वह्यांबद्दल लिहिताना ‘पढवणे’ हे क्रियापद घ्या. कोर्टात साक्षीदाराला पढवतात, तेच.

प्रश्नकर्ती
‘कागदोपत्री मुलगा’ पटले. पण घरातली माणसे आपसात काय म्हणतील? १९४३ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी ती गप्पच आहेत.

प्रतिसाद
गप्प राहणारच. १९५६ पासून सरकारने कबुलीजबाब घेतले, तेव्हा एकाने खरे सांगितले की त्या नावावरचे सगळे नातेवाईक उघडे पडत. आजीच्या तोंडी ‘आपलं आडनाव’ आणि ‘कागदावरचं आडनाव’ एवढेच द्या. ‘कागदोपत्री मुलगा’ गुप्तहेराच्या टिपणात शोभेल.