रिपोर्ट नॉन-रिॲक्टिव्ह आला, तरी जीव थाऱ्यावर नाही? तुमचे अनुभव लिहा

इंदूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम करते. एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिसचा रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. लिफाफा घेतो, जिन्यात उघडतो आणि लगेच परत वर येतो. "मॅडम, नॉन-रिॲक्टिव्ह म्हणजे चांगलंच ना?" हो, चांगलंच, तपासणीत संसर्ग दिसला नाही. पण त्यापुढचा प्रश्न बहुतेक जण गिळून टाकतात आणि तोच रात्रभर छळतो. घरात हा विषय काढायची सोय नाही, मित्रांत काढला तर हशा होतो. म्हणून इथे लिहा. धास्ती वाटलेल्या शरीरसंबंधाच्या प्रसंगानंतर किती दिवसांनी कोणती तपासणी केलीत, डॉक्टर काय म्हणाले, भीतीचं काय केलंत. नावं नकोत, रिपोर्टचे फोटोही नकोत.

सुदामानगर, अविवाहित

कंडोम होता, फाटला नव्हता. तरी आठवड्याभरात घसा धरला आणि मी मोबाइलवर लक्षणं वाचत सुटलो. एका लॅबमध्ये बोट टोचून रॅपिड तपासणी केली, नॉन-रिॲक्टिव्ह. पण तिथे कुणी विचारलंच नाही की प्रसंग कधीचा. शेवटी एम.वाय. या सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात गेलो. तिथे पैसे लागत नाहीत, आणि समुपदेशक ताईंनी सगळ्यात आधी तारीख विचारली. संसर्ग झाला तरी तो तपासणीत दिसायला वेळ लागतो. रॅपिड तपासणीला २३ ते ९० दिवस. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये करतात ती चौथ्या पिढीची तपासणी पी२४ अँटिजेन, म्हणजे विषाणूचंच एक प्रथिन, हेही शोधते, तिला १८ ते ४५ दिवस. दीड महिना उलटल्यावर ती दोनदा केली, दोन्ही वेळा नॉन-रिॲक्टिव्ह.

एकच विचारायचंय. एका रिपोर्टवर आकडा ०.१४ होता, दुसऱ्यावर ०.३१. वाढतोय का?

धागाकर्ती

नाही दादा, वाढत नाहीये. तुमच्या रिपोर्टवर कट-ऑफ, म्हणजे मर्यादेचा आकडा, १ लिहिलेला असेल, त्याच्या खाली सगळंच नॉन-रिॲक्टिव्ह. मशीन, किट, बॅच बदलली की आकडा थोडा हलतो. ०.३१ म्हणजे ३१ टक्के आजार असा हिशोब करू नका. आणि आकडा १ च्या वर गेला तरी तो निकाल नसतो, दुसऱ्या किटवर पडताळणी झाल्याशिवाय कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

लोकमान्यनगर, एका बाळाची आई

माझा अनुभव वेगळा आहे, पण कुणाला तरी उपयोगी पडेल. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत सिफिलिसच्या प्राथमिक तपासणीचा, व्हीडीआरएलचा, रिपोर्ट आला "रिॲक्टिव्ह १:२". रिपोर्ट आणायला सासूबाई गेल्या होत्या. त्या कागद टेबलावर ठेवून आत गेल्या आणि ह्यांनी मोबाइलवर अर्थ शोधला. पुढचे दिवस मी शत्रूवर यावेत असं म्हणणार नाही. आम्ही दोघंही एकमेकांकडे संशयाने पाहत होतो आणि जेवायला वाढताना बोलत होतो ते फक्त "भाजी देऊ का?" एवढंच.

डॉक्टरांनी सिफिलिसची पडताळणी करणारी टीपीएचए तपासणी करायला सांगितली, ह्यांचंही रक्त घेतलं. दोघांची निगेटिव्ह. व्हीडीआरएल थेट सिफिलिसचा जंतू शोधतच नाही. गरोदरपण, मलेरिया, ल्यूपससारखे आजार, नुसतं वाढलेलं वयसुद्धा ती खोटी रिॲक्टिव्ह आणू शकतात. बायांनो, गरोदरपणात ही तपासणी टाळू नका. खरंच सिफिलिस असेल तर पेनिसिलिनने बाळही वाचतं. पण पहिल्या कागदावर घर मोडू नका.

नोकरीच्या मेडिकलमध्ये अडकलेला

"अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह" वाचून हातपाय गळाले होते. ती हिपॅटायटिस बीच्या लशीमुळे आलेली प्रतिकारशक्ती निघाली. आजार दाखवते ती एचबीएसएजी तपासणी, आणि ती निगेटिव्ह होती.

पलासिया, दोन मुलांचा बाप

मसाज आणि चुंबन, एवढंच घडलं होतं. दोन डॉक्टरांनी सांगितलं की यातून एचआयव्ही होत नाही. पटायचं, संध्याकाळपर्यंत टिकायचं, रात्री परत शंका. सकाळी न्हाणीघरात टॉर्च लावून जीभ बघायचो, मग गळ्याच्या गाठी चाचपायचो. इतक्या दाबायचो की त्या दुखायला लागल्या, आणि दुखतात म्हणून आणखी दाबायचो. रिपोर्टची फाइल जाड झाली, प्रत्येक लॅब वेगळी, कारण आधीच्या लॅबमध्ये नमुना बदलला असेल असं वाटायचं.

शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला. तिथून मानसोपचाराकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, "तुमचं रक्त ठीक आहे. तपासणी केली की मिळणारा दिलासा, त्याची मनाला सवय लागली आहे." उपचार साधे वाटतात, पण करताना घाम फुटतो. गाठींना हात लावायचा नाही. शोधावंसं वाटलं की आधी अर्धा तास थांबायचं, मग तास. बायकोला सगळं सांगितलं. ती रागावली आणि अजून पूर्ण शांत झालेली नाही, तो तिचा हक्क आहे. गाठी मात्र हात लावणं बंद केल्यावर दुखायच्या थांबल्या.

नाव-पत्ता न देता

मला एचआयव्ही आहे. वर सगळे "सुटलो" म्हणतायत, वाचून बरं वाटलं आणि थोडं लागलंही. एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, तपासणीत सापडत नाही इतका कमी राहिला की लैंगिक संबंधातून तो पुढे जात नाही. माझा तसाच आहे. नोकरी करतो, गणपतीत सकाळच्या आरतीला असतो. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि निकाल कुणाला फोडता येत नाही. तुमच्या भीतीतला अर्धा भाग आजाराचा नसून आमच्यासारखं होण्याचा असतो. त्याचाही विचार करा.

धागाकर्ती

दादा, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

आणखी एक शंका बऱ्याच जणांना असते, म्हणून सांगते: मुखमैथुनातून एचआयव्हीचा धोका अगदी नगण्य, पण सिफिलिस आणि गोनोरिया होऊ शकतात. फोड, स्राव, लघवीला जळजळ असेल तर एचआयव्हीच्या रिपोर्टवर समाधान मानू नका. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगांच्या दवाखान्यात, दाखवा.

आजच नाव नोंदवलं

काल रात्री कंडोम फाटला. समोरच्या व्यक्तीचं काहीच माहीत नाही. किती दिवस थांबून तपासू?

धागाकर्ती

थांबायचं नाही! ७२ तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीचा संसर्ग रोखणाऱ्या, गोळ्या सुरू करता येतात, जितक्या लवकर तितकं चांगलं, कोर्स २८ दिवसांचा. आत्ता एआरटी केंद्रात किंवा मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कुठे जायचं कळत नसेल तर एचआयव्ही हेल्पलाइन १०९७ लावा. समोरची व्यक्ती स्त्री असेल तर तिलाही फोन करा, तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचाही वेळ महत्त्वाचा आहे.

आजच नाव नोंदवलं

तिला फोन केला, ती पण येतेय. आम्ही निघालो.