उतरलेलं वजन परत चढून राहिलं आहे, मदत हवी

फुटाळा_फेरी: ११ किलो उतरवले होते, त्यातले ५ परत आले. दिवाळीपासून काटा वर जाऊन राहिला आहे. पुन्हा तेच डाएट करणं माझ्याच्यानं होणार नाही, घरचेही कंटाळले. रोज काय खाल्लं म्हणजे वजन जागेवर राहील, एवढंच सांगा. जिम नको, पावडर नको, "मन खंबीर ठेवा" तर नकोच. जरा लवकर सांगा, लग्नसराई तोंडावर आहे.

ठेचाभाकर: कोणतं डाएट? वय किती? उंची? काही गोळ्या चालू आहेत का? हवेत काय सांगायचं भाऊ?

दोनवेळ: एकदम सोपं आहे. दीक्षित सरांचं करा. दिवसातून दोनदाच जेवा, ५५ मिनिटांत उरका, मधे काही नाही. माझी शुगर पण आटोक्यात आली.

धरमपेठी: त्यांनी शुगरचं विचारलंच नाही. आणि दोनदा जेवून माणूस दुसऱ्या जेवणाला तुटून पडते. त्यापेक्षा ऋजुता दिवेकर सांगतात तसं थोडं थोडं, दर दोन तासांनी खा. घरचं तूप, घरचा भात.

दोनवेळ: दर दोन तासांनी इन्सुलिन वाढवायचं आणि मग वजन उतरत नाही म्हणून रडायचं. चालू द्या.

फुटाळा_फेरी: तुमचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या न बाप्पा. वय ४१, उंची ५ फूट ७, गोळ्या नाहीत. ८९ वरून ७८ वर आलो होतो, आता ८३. कीटो केलं होतं. पोळी-भात पूर्ण बंद, अंडी-पनीर-चिकन.

मेथीदाणा: रात्री एक चमचा मेथी भिजवा, सकाळी ते पाणी उपाशीपोटी प्या. आमच्याकडे सगळे पितात.

वरणफळं: मी आहारतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं लांबण लावते. पोळी-भात बंद केला की शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो. त्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण ३ ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. तुमच्या ११ किलोंत ते होतंच. पोळी सुरू झाली की तेवढं पाणी परत येणार, त्याला चरबी समजून घाबरू नका. बाकीचं मात्र खरं वाढलेलं आहे. हलक्या शरीराला कमी उष्मांक लागतात आणि भूक उलट वाढलेली असते. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की वजन उतरवून वर्ष झालं तरी घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक चढलेलं आणि पोट भरल्याचं सांगणारं लेप्टिन उतरलेलं राहतं. म्हणून मनाच्या खंबीरपणाचं तुम्ही बोललात ते बरोबरच आहे. आता दिवसभरात काय काय पोटात जातं ते लिहा. वेळेसकट.

फुटाळा_फेरी: साधंच. सकाळी ६ ला शिफ्ट सुटते, मिहानहून येताना तर्री पोहे, मग झोप. दुपारी ३ ला जेवण. रात्री डबा. बस.

ठेचाभाकर: रात्रपाळी आहे हे आता सांगून राहिला का बे! आणि रोज तर्री पोहे?

खामल्याची_आई: माझा मुलगा दहावीत आहे, त्याचं वजन वाढतच नाही. काय देऊ?

धरमपेठी: तर्रीत चणे असतात, प्रोटीनच आहे. सावजीवाले तर जवसाचं तेल वापरायचे, तब्येतीला उत्तम.

ठेचाभाकर: वापरायचे! आता कुठं मिळते ते दाखव.

वरणफळं: जवसाचं असो की सोयाबीनचं, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० च्या आसपास उष्मांक. तर्रीवर तरंगतं ते एवढ्यावर थांबत नाही. चणे जास्त मागा, पोहे अर्धे घ्या, वरचा तवंग नको म्हणा. रोजच्याऐवजी सुट्टीच्या दिवशी. बाकी दिवस घरी येऊन दोन अंडी किंवा मोड आलेली मटकी, आणि झोपा. दुपारी घट्ट वरण, पालेभाजी, एक भाकर. अंबाडीची भाजी तुरीची डाळ घालून होतेच आपल्याकडे. भात खा, पण वाटीनं मोजून. डबा मध्यरात्रीआधी संपवा. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वारी. दोन किलो वर गेलं की तेव्हाच आवरायचं, पाच होईपर्यंत थांबायचं नाही. आणि एकदा थायरॉइडसाठी टीएसएच व उपाशीपोटी साखर तपासा.

दोनवेळ: म्हणजे तीनदा खायला सांगून राहिल्या. मी दोन म्हणालो होतो.

फुटाळा_फेरी: ताई, जमण्यासारखं आहे. पोहेवाला तवंग काढून देईल असं वाटत नाही, पण विचारतो. रात्री २ ला कँटीनमध्ये चहासोबत जे येतं, ते धरायचं का?

वरणफळं: काय येतं?

फुटाळा_फेरी: रोज वेगळं असते.