विश्वासराव पडले म्हणूनच पानिपत हरलो का?

गोदाकाठ: काल भाच्याला घेऊन नाशिकच्या सोमेश्वरला गेलेलो, त्याच्या डोक्यात शाळेतलं पानिपत चालू, म्हणे मामा एवढी फौज आणि एक पोरगा मेला म्हणून सगळे पळाले? मला नीट सांगताच आलं नाही. नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा, गादीचा वारस, त्याला तिकडे पाठवला तरी कशाला? जाणकारांनी सांगा प्लीज.

पंचवटीकर: अगदीच पोरगा नव्हता हो, जन्म १७४२ चा, १७६० ला उदगीरच्या लढाईत होता. मोहीम नावाला त्याची, कारभार सगळा सदाशिवरावभाऊंचा. वारस अंबारीत दिसला की फौजेला धीर येतो हे त्या काळचं गणित आणि तेच अंगावर आलं. १४ जानेवारी १७६१, दुपारपर्यंत आपलं बरं चाललेलं, मग विश्वासरावांना गोळी लागली, भाऊंनी प्रेत हत्तीवर ठेवलं आणि स्वतः घोड्यावर बसून गर्दीत घुसले, मागच्यांना भाऊंची अंबारी रिकामी दिसली की संपलंच. पण माणसं आधीच उपाशी होती, अब्दालीने रसद तोडलेली, ते भाच्याला आधी सांगा.

मिसळ_आणि_इतिहास: तुम्ही सोमेश्वरला गेलात ना, त्याच रस्त्यावर गंगापूर. विश्वासरावांची आई गोपिकाबाई शेवटची कित्येक वर्षं तिथेच राहिली. थोरला पानिपतात, त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नवरा नानासाहेब, १७७२ ला थेऊरला माधवराव क्षयाने आणि १७७३ ला नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून. तिन्ही मुलं गेली. आणि ज्या राघोबादादांवर खुनाचा ठपका त्यांचं आनंदवल्ली त्याच गंगापूर रोडला, आपण नवश्या गणपतीला जातो तिथेच की! ती बाई १७८८ ला गेली, म्हणजे नातू सवाई माधवराव १७९५ ला वाड्यातून पडून गेला ते तरी बघावं लागलं नाही.

गोदाकाठ: बापरे, रोज गाडी घालतो त्या रस्त्यावर आणि हे माहीतच नव्हतं. ते "दोन मोती गळाले" म्हणतात ते यातलंच ना?

पंचवटीकर: हो, सावकारी पत्रातली सांकेतिक भाषा. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव. नानासाहेब मदत घेऊन उत्तरेकडे निघालेले, वाटेत भेलशाजवळ हे पत्र हाती पडलं. मुलगा गेल्याचं बापाला असं कळलं.

गोदाकाठ: भाच्याला वाचून दाखवलं. आता विचारतोय, भाऊ मेले तर मग तोतया कुठून आला? रविवार गेला माझा.