सहावीसाठी कॅथलिक शाळा : धर्मशिक्षण किती असते आणि मराठीचे काय होते?

शहापूरचे पालक (प्रश्न)

नमस्कार. माझी मुलगी बेळगावातील मराठी माध्यमाच्या शाळेत पाचवीत आहे. येत्या जूनपासून तिला कॅथलिक संस्थेच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीला घालावे, असे घरात घाटत आहे. तेथील शिस्त आणि शिक्षकांची आस्था यांविषयी शेजारपाजाऱ्यांकडून चांगलेच ऐकले आहे. परंतु सहावी ते आठवी या तीन वर्षांत वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते, हे नीट सांगणारे कोणी भेटले नाही. आईला वाटते, की तिथे सर्वच मुलांना बायबलचे धडे घ्यावे लागतात. पत्नीचा प्रश्न असा, की विज्ञान शिकवताना धर्म मध्ये येतो का. मला सर्वात जास्त चिंता आहे ती मराठीची. घरी आम्ही मराठीच बोलतो, मुलगी वाचनालयातून पुस्तके आणून वाचते. सहावीनंतर तिचे मराठी लिहिणे बंद पडले तर ते पुन्हा रुळावर आणणे अवघड जाईल. ज्यांची मुले अशा शाळांत शिकली आहेत किंवा ज्यांनी तेथे शिकवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

मी अशाच एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना अनेक वर्षे समाजविज्ञान आणि मूल्यशिक्षण शिकवले आहे. मी स्वतः कॅथलिक नाही.

कॅथलिक शाळा ज्या मंडळाशी संलग्न असते, त्या मंडळाचाच अभ्यासक्रम ती शिकवते. राज्य मंडळाची शाळा असेल तर गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान यांत तुमच्या मुलीला कर्नाटकाचाच अभ्यासक्रम असेल. ती आता जे मराठीतून शिकते, तेच पुढे इंग्रजीतून शिकेल. लसावि, मसावि, प्रकाशसंश्लेषण हे सारे तिला येत असूनही पहिल्या सहामाहीत इंग्रजी नावांमुळे ती अडखळेल. उन्हाळ्याच्या सुटीत पाचवीची इंग्रजी माध्यमाची पुस्तके तिच्याबरोबर चाळली, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

वेगळेपण आहे ते आठवड्यातील एक-दोन तासांत. त्या तासाला कॅथलिक मुले कॅटेकिझमसाठी, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणासाठी, दुसऱ्या खोलीत जातात आणि बाकीची मुले मूल्यशिक्षणाला बसतात. बेळगावच्या शाळांतून वर्गात कॅथलिक मुले थोडीच असल्याने बहुधा तीच उठून जातात. हा तास अनेक पालक बिनमहत्त्वाचा समजतात, आणि याचे मला नेहमीच वाईट वाटत आले आहे. सातवीच्या वर्गाला श्रमाविषयीचा धडा असला की मी मुलांना वडगाव-शहापुरातील मागावर काम करणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाशी बोलून यायला सांगत असे: एका साडीला किती वेळ लागतो, सूत कोण पुरवतो, मजुरी केव्हा हातात पडते. ज्यांच्या घरीच माग होते, ती मुले एरवी मागच्या बाकावर गप्प असत; त्या तासाला ती फळ्यापाशी येऊन उभे-आडवे धागे कसे गुंफले जातात ते काढून दाखवत, आणि डॉक्टर-वकिलांची मुले त्यांना प्रश्न विचारत.

तुमची खरी चिंता मराठीची आहे आणि ती रास्त आहे. राज्य मंडळाच्या बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिली, कन्नड दुसरी आणि हिंदी तिसरी भाषा अशी मांडणी असते. कर्नाटकाच्या 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्याने, 2017-18 पासून टप्प्याटप्प्याने, कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून सर्व शाळांना बंधनकारक केली आहे, मग शाळा कोणत्याही मंडळाची असो. त्यामुळे अशा मांडणीत मराठीला वेळापत्रकात जागा उरत नाही.

कन्नडची तयारीही आतापासून करावी. त्या लिपीत ए आणि ओ या स्वरांची ऱ्हस्व व दीर्घ अशी दोन-दोन रूपे आहेत, जी आपल्या देवनागरीत नाहीत, आणि जोडाक्षरातील दुसरे व्यंजन पहिल्याच्या खाली लिहिले जाते. श्रुतलेखनात मराठी मुलांचे गुण मुख्यतः इथेच जातात. वाक्यरचना मात्र आपल्या अगदी जवळची, क्रियापद शेवटी येणारी. म्हणून अक्षरे एकदा बसली, की आपली मुले भराभर पुढे जातात.

खानापूरचे कॅथलिक पालक

आमच्या घरी कोकणी आणि मराठी दोन्ही बोलतात, आणि माझी दोन्ही मुले अशा शाळेत शिकली आहेत. कॅटेकिझमच्या तासाला दहा आज्ञा, संस्कार, शुभवर्तमानातील येशूचे जीवन आणि त्याच्या बोधकथा, चर्चचा इतिहास असे विषय असतात. तरीही दृढीकरणासारख्या (श्रद्धा पक्की करण्याच्या विधीसारख्या) संस्कारांची मुख्य तयारी आमची मुले रविवारी चर्चमध्येच करतात. शाळेचा तास त्याला पूरक असतो. इतर धर्मांच्या मुलांना त्या तासाला बसवलेले मी पाहिलेले नाही. शिवाय राज्यघटनेच्या कलम 28(3) प्रमाणे सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेतील अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. सकाळच्या प्रार्थनेत येशूचे नाव येईल, नाताळचा कार्यक्रम होईल; त्याविषयी आपल्या आईंना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढे गैरसमज होणार नाही.

विज्ञानाविषयी आपल्या पत्नींनी निश्चिंत असावे. सृष्टी अक्षरशः सहा दिवसांत झाली असे मानण्याचे बंधन कॅथलिक चर्च कोणावर घालत नाही. मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर संशोधन आणि चर्चा करण्यास पोप पायस बारावे यांनी 1950 मध्येच मोकळीक दिली, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांती हा केवळ एक तर्क राहिलेला नाही, असे स्पष्ट केले. आनुवंशिकतेचे नियम शोधणारे मेंडेल हे मठवासी होते, आणि विश्वाच्या प्रसरणाची कल्पना मांडणारे जॉर्ज लमेत्र हे धर्मगुरू होते. आमच्या मुलांना ही नावे शाळेतच कळली, याचा मला अभिमान वाटतो.

निपाणीचे पालक

माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याकडे सातवीपर्यंत प्राथमिक आणि आठवीपासून हायस्कूल अशी रचना रुळलेली आहे, तेव्हा मुलीला सातवीपर्यंत मराठी माध्यमात ठेवून आठवीला बदल करावा. दोन वर्षांत तिचे मराठी लेखन पक्के होईल आणि ते पुढे मोडणार नाही.

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

निपाणीच्या पालकांचा हेतू मला मान्य आहे, परंतु आठवीचा बदल मुलांना जड जातो, हे मी वर्गात पाहिले आहे. आठवीत बीजगणित आणि विज्ञानाच्या संकल्पना एकदम वाढतात, दहावीचे दडपण दिसू लागते, आणि त्याच वेळी माध्यमही बदलले तर मूल दोन्हीकडून ओढले जाते. सहावीत चुका करायला अवकाश असतो. बदल करायचाच असेल तर सहावीत करावा, नाहीतर दहावीपर्यंत मराठी माध्यमातच राहू द्यावे. राज्य मंडळाच्या दहावीला पहिल्या भाषेला 125 गुण असतात, आणि पहिली भाषा मराठी असणाऱ्या मुलांना त्याचा चांगला आधार होतो.

शहापूरचे पालक

सर्वांचे मनापासून आभार. धर्मशिक्षण आणि विज्ञान यांविषयीच्या शंका मिटल्या. आईलाही मी कलम 28(3) वाचून दाखवले. आता एवढेच विचारायचे आहे, की सहावीत घातल्यास घरच्या घरी मराठी कशी टिकवावी?

निवृत्त शिक्षिका, टिळकवाडी

प्रवेश घेण्याआधी मुख्याध्यापकांना एक प्रश्न अवश्य विचारावा. राज्य मंडळाच्या पहिल्या भाषांच्या यादीत मराठी आहे. त्यांच्या शाळेत इंग्रजी माध्यमात राहून ती पहिली भाषा म्हणून घेता येते का, आणि त्यासाठी शिक्षक आहेत का? होकार मिळाला, तर तुमचा प्रश्नच सुटला. नकार आला, तर कर्नाटकाच्या मराठी माध्यमाचे सहावीचे प्रथम भाषेचे पुस्तक घ्यावे, आणि जोडीला बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घ्यावीत. नुसत्या वाचनाने लेखन टिकत नाही. दर रविवारी तिच्याकडून एक पानभर मजकूर हाताने लिहून घ्यावा, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तिने स्वतः शोधाव्यात. आजीला गावाकडे पत्र लिहिण्याची सवय लावली, तर तेही उत्तम. शाळेत मूल्यशिक्षणाच्या तासासाठी जे प्रकल्प इंग्रजीत लिहायचे असतात, त्यांचा कच्चा मसुदा तिला आधी मराठीत लिहू द्यावा. माझ्या वर्गातील ज्या मुली असे करत, त्यांचे इंग्रजी लिखाणही अधिक मुद्देसूद असे.