शब्दचर्चा: ‘??’ हे चिन्ह मराठीत कसं वाचावं?

प्रश्न:
मराठी माध्यमाच्या मुलांसाठी वेब प्रोग्रॅमिंगची टिपणं लिहितोय आणि जावास्क्रिप्टमधल्या ‘??’ या चिन्हापाशी अडलोय. इंग्रजी नाव ‘नलिश कोअलेसिंग’. कोश बघून ‘शून्यवत संमीलन’ केलं, पण त्यावरून चिन्ह काय करतं ते कुणालाच कळणार नाही. शिवाय ‘शून्य’ हा शब्द इथे घातकच आहे. एका दुकानाच्या संकेतस्थळासाठी मी लिहिलं होतं: घरपोचआकार || ५०. म्हणजे आकार (पोचवण्याचं शुल्क) भरला नसेल तर ५० रुपये धर. मालकाने जवळच्या वस्तीसाठी आकार मुद्दाम ० ठेवला होता. ‘||’ (किंवा) या चिन्हाला ०, रिकामी अक्षरमाला, फॉल्स (असत्य), सगळंच ‘नाही’ वाटतं. फुकट घरपोच मिळायला हवं होतं त्या गिऱ्हाइकांच्या बिलात ५० रुपये चढले. ‘??’ मात्र आधीची किंमत नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली) किंवा अनडिफाइन्ड (दिलेलीच नाही) असेल तरच पुढची किंमत घेतं, ० ला हात लावत नाही. पीएचपी या दुसऱ्या वेब-भाषेत ते ७व्या आवृत्तीपासून, २०१५ पासून आहे. जावास्क्रिप्टच्या मानकात २०२० साली आलं. शब्द सुचवा.

प्रतिसाद १:
नलला आपल्याकडे नेमका शब्द आहे: निरंक. सरकारी तक्त्यात कळवण्यासारखं काही नसेल तर कारकून रकाना कोरा सोडत नाही, ‘निरंक’ लिहितो. कोरा म्हणजे भरायचा राहिला. निरंक म्हणजे पाहिलं, आणि काही नाही. मुद्दाम ठेवलेलं नल ते निरंक, किंमत दिलीच नाही ते अनडिफाइन्ड म्हणजे कोरं. ० हा तर चक्क भरलेला आकडा. आणि ‘व्हॅल्यू’साठी ‘मूल्य’ नको, ‘किंमत’च ठेवा, ‘क्ष ची किंमत काढा’ मुलांच्या तोंडी असतंच.

प्रतिसाद २:
निरंक आवडला, पण ‘थकबाकी: निरंक’ असंही लिहितात आणि तिथे ० रुपये असाच अर्थ घेतला जातो. एवढी टीप द्याच. चिन्हाचं नाव मात्र ‘कोअलेस’वरून नको. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतलं त्या नावाचं फंक्शन दिलेल्या किमतींतली नल नसलेली पहिली उचलतं. त्यात संमीलन कसलं? त्यापेक्षा पूजा आठवा. दागिने नसले की गुरुजी ‘अलंकारार्थे अक्षतां समर्पयामि’ म्हणत अक्षता वाहायला सांगतात. अलंकार ?? अक्षता! घरात साधी मण्यांची माळ असली तर तीच घालतात, स्वस्त आहे म्हणून तिच्या जागी अक्षता येत नाहीत. तुमचा ० म्हणजे ती माळ. मी ‘अभावी’ सुचवतो: आकाराअभावी ५०.

प्रश्नकर्ता:
माळेचं उदाहरण टिपणात घेतोय. ‘अभावी’ अर्थाने चोख आहे, पण आधीच्या शब्दाला चिकटतो, चिन्ह सुटं राहत नाही. तुमचं वाचताना ‘मधले नाव (असल्यास)’ हा अर्जातला रकाना आठवला. तेव्हा ‘?.’ (आधीची गोष्ट असेल तरच तिच्या आतलं काढणारं चिन्ह) म्हणजे असल्यास आणि ‘??’ म्हणजे नसल्यास. पत्ता?.पिनकोड ?? "कळवला नाही" ही ओळ मग अशी वाचता येते: पत्ता असल्यास त्याचा पिनकोड, नसल्यास ‘कळवला नाही’. ‘||’साठी ‘किंवा’ आहेच. किंवा आणि नसल्यास कंसाशिवाय एकमेकांत मिसळले तर जावास्क्रिप्ट ती ओळच नाकारते, म्हणून दोन्ही शब्द पहिल्याच धड्यात शेजारी शेजारी देतो.